फ्यूजची दाढ

सावद्याच्या स्टँडमागे माझं मोटर वाइंडिंगचं दुकान.
जळालेली मोटर मी नाकाने ओळखतो,
बेअरिंग गेलेली कानाने.
तीस वर्षांत त्यात चूक झालेली नाही.

आणि हा फ्यूज, माझ्या पायाशी झोपणारा,
नऊ दिवस एकाच बाजूने भाकरी चावत होता
ते मला ऐकू आलं नाही.

शालिनीला आलं.
म्हणाली, ‘हा डावीकडूनच खाऊ राहिला.’
मी म्हटलं, ‘खाऊ राहिला ना?’
आमच्या घरात माणसांचीही तपासणी एवढीच.

मग मलाही दिसायला लागलं:
कळण्याच्या भाकरीचे काठ तो ताटलीतच सोडायचा,
गाल खाजवायला गेलं की मान काढून घ्यायचा,
आणि टेबलाखाली
ते बासष्टशे तीन नंबरचं बेअरिंग
ज्यावर तो दुपारभर दात घासत बसायचा,
कितीतरी दिवस तसंच पडलेलं, कोरडं.

ओठ वर करून मोबाइलचा उजेड टाकला.
वरची मागची मोठी दाढ,
केळीचं साल ओढावं तसा तिचा एक पापुद्रा निघालेला
आणि मधोमध तांबडं टिंब,
टाचणीच्या टोकाएवढं.

माझ्या दाढेसाठी ठेवलेली गोळी
मी अर्धी करून गुळात दडवलीही होती.
समोरच्या रमजान तडवीने मनगट धरलं.
‘माणसाची गोळी नको, दादा.
माझ्या मामाचं कुत्रं अशाच गोळीनं गेलं.’

गुरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे
एक म्हैस, दोन शेळ्या, आणि खोक्यात कोंबडा.
फिरके डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला, बंद केला.
‘नुसता टवका उडाला, आत पांढरंच आहे,
तर चार दिवसांनी आणलं तरी चालतं.
हे टिंब दिसलं की दुसऱ्या दिवशी यायचं.
डोळ्याखाली फुगलं, तर रात्रही काढायची नाही.
नऊ दिवस काय करत होता?’

मी म्हटलं, ‘रडला नाही हो.
शेपटी हलवत होता.’
‘शेपटीला दात नसतात,’ बाई म्हणाल्या
आणि जळगावच्या डॉक्टरची चिठ्ठी लिहून दिली.
भूल द्यायची सोय तिकडे होती.

रमजानच्या पिकअपमध्ये, केळीच्या रिकाम्या क्रेटांत,
पानं अंथरून त्याला बसवलं.
तापीच्या पुलावर त्याने नाक बाहेर काढलं
आणि वारा घेतला, उघड्या तोंडाने नाही,
दात मिटून.
एवढ्या उन्हात.

संध्याकाळी कापसात गुंडाळून दाढ हातात दिली.
तीन मुळं. दोन पिवळट,
एक काळं.
मी नाकाशी धरलं.
ओळखीचा वास.

पंधरा दिवस मऊ खाणं.
बेअरिंगं आता वरच्या फळीवर, डब्यात, झाकण लावून.
तो त्या डब्याकडे बघतो, मग माझ्याकडे.

काल दूधभाकरी कुस्करून दिली
आणि दुकानातला पंखा बंद केला,
नीट ऐकू यावं म्हणून.
लपलप. मध्ये थांबणं नाही.

शालिनीने माझं ताट पुढे सरकवलं.
‘आणि तुमच्या तोंडातली लवंग?
ती कधीपासून आहे?’

मी हसलो, ओठ मिटून,
आणि घास डावीकडे सरकवला.