बोनस रेषा

सेलूच्या कॉलेजात मी मैदान आखतो.
म्हणजे, आखत होतो.
जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मानवतची पोरं यायची,
पुढच्या साली आपली पोरं तिकडं,
पॅसेंजरच्या दारात पाय सोडून.
आदल्या रात्री माती भिजवायची,
पहाटे सुतळी ताणायची, मग फक्की:
मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा.
सुतळी खोटं बोलत नाही.

यंदा गट बदलला.
प्राचार्यांनी पेढे वाटले,
मलाही एक मिळाला, पंप बंद करायला चाललो होतो तेव्हा.
आता आपण अ गटात,
पुणे, सांगली, कोल्हापूर, रात्रीची स्लीपर बस.
टीव्हीवाल्या कंपनीचं पत्र नोटीस बोर्डावर आहे:
बाद फेरी गाठली तर चाळीस लाख,
उपांत्य सामन्याचे वरून तीस,
आणि एकही सामना नाही जिंकला
तरी गटात बसल्याचे अकरा.
मुळावेकर सर हसले,
'मुंजाजी, आता हरण्यालाबी भाव आलाय.'

मानवतला कुणी विचारलं नाही.
तिथं म्हणे बघणारे कमी.
मोजले कुणी?
लिंबाच्या फांद्या मोजल्या का,
ट्रॅक्टरच्या टपावरची म्हातारी मोजली का,
जी दरसाल आपल्याच पोरांना शिव्या द्यायची
आणि हरले की लाडू पाठवायची?

मॅट आली परवा, ट्रकमधून.
हिरवी, पिवळी, तुकडे एकमेकांत बसणारे.
रेषा आधीच छापलेल्या.
माझी सुतळी खिळ्याला टांगली,
तिथंच राहिली.

आता एक गोष्ट सांगतो,
एकोणीस वर्षं पोटात आहे.
एकतीस-एकतीस. शेवटची चढाई आपली.
टाकसाळ्यांच्या गोरखनं बोनस रेषेपलीकडं पाय टाकला
आणि पंचांचं बोट वर गेलं.
मानवतवाले धावून आले:
मागचा पाय जमिनीवर होता!
आपले म्हणाले, हवेत.
तेव्हापासून दर जानेवारीत तोच वाद,
चहाच्या टपरीवर, सोयरिकीत, तेराव्याच्या पंगतीत,
आणि शेवटी दोन्हीकडून एकच वाक्य:
'बघू पुढच्या वर्षी.'

माती ओली होती.
गर्दी पंचांभोवती होती
आणि मी रेषेपाशी.
अंगठा आणि बाजूची दोन बोटं,
स्पष्ट उमटलेली, दव पडल्यासारखी ताजी.
माझ्या हातात झाडू होता.

पुढच्या वर्षी सांगू म्हटलं.
पुढचं वर्ष येतच होतं ना.

रविवारी गेलो मानवत रोडला,
तिथून टमटम.
सोबत फक्कीची अर्धी गोणी,
आमच्याकडं आता पडूनच.
खाजामियाँ त्यांच्या मैदानावर खडे वेचत होता.
आम्ही दोघं एकाच कामाचे,
एकमेकांच्या रेषा वाकड्या म्हणत म्हातारे झालो.
मी सांगितलं. अंगठा, दोन बोटं, झाडू.
त्यानं एक खडा उचलला, कुंपणापलीकडं फेकला.
'मी बी तिथंच होतो की बाप्पा,' म्हणाला,
'झाडू बघितला तुझा.'
'मग बोलला का नाहीस?'
'बोललो असतो तर
दुसऱ्या साली भांडायला काय उरलं असतं?'

गोणीचं तोंड सोडून त्यानं चिमूटभर फक्की
बोटांत चोळून पाहिली.
'ओल लागलीय. उन्हात टाकावी लागंल.'
मग आम्ही ती पसरली, पोत्यावर,
शाळेची चार पोरं तेवढ्यात
अनवाणी येऊन उभी राहिली,
विचारायला लागली, आज कोण येणारय?

खाजामियाँनं माझ्याकडं बघितलं.
मी मातीकडं.
मॅटवर पाऊल उमटत नाही,
एवढंच त्या दिवशी मला कळलं,
चाळीस लाखांची गोष्ट मला नीटशी कळलेली नाही.