विषय क्रमांक सहा

विषय पहिला, छपराचे पत्रे.
दुसरा, भोंग्याचं यंत्र.
तिसरा, गायनमंडळाचे झगे निळे की जांभळे,
एवढ्यावर आंब्याची सावली
भिंतीवरून उतरून पार विहिरीला टेकली.
सरोवराकडून वाळत्या उसिपा मासळीचा वास येत होता.
मी चिटणीस. जे बोललं गेलं ते लिहीत होतो.

चौथा, बिशपसाहेबांची खुर्ची
डावीकडे की मधोमध.
वडील चिसाले आणि वडील म्वाले
त्या दिवसापासून एकमेकांची होडी ओढायला जात नाहीत.

पाचवा, खजिनदार लायसन.
टोपी हातात घेऊन त्यानंच सांगितलं:
पत्र्यांच्या पैशातले एक लाख ऐंशी हजार क्वाचा
लिलाँग्वेच्या इस्पितळात गेले.
पोरही गेली.
ठराव: नाव कमी करावं.
हात वर झाले. माझाही.

सहावा, इतर.
झाडलोट करणारी एनेलेसी उठली.
"चिटणीस, मला अक्षर कळत नाही.
ह्या वहीत येशूचं नाव कुठे आलंय
तिथं माझं बोट नेऊन ठेव."

मी पानं उलटली.
सिमेंट. मेणबत्त्या. सुताराची मजुरी.
प्रार्थनेने सभेस प्रारंभ झाला.
पुन्हा सिमेंट.
तिचं बोट हवेतच थांबलेलं,
नखात विटांची लाल माती.

गेल्या साली मंडळीच्या खताच्या दोन गोण्या
माझ्या मक्याला पडल्या.
त्याही वहीत नाहीत.

रविवारी भाकर मोडली तेव्हा
छप्पर नसल्यामुळे ऊन सरळ ताटात उतरलं.
पाळक कामंगा चष्मा घरी विसरले होते,
म्हणून टिपण बाजूला ठेवून त्यांनी नुसतं सांगितलं
कोणाचं देणं कोणी फेडलं,
आणि त्याला ते केवढ्याला पडलं.
लहानपणापासून ऐकत आलेली बातमी.
मला त्या दिवशी पोचली.

लायसन बाहेर विटांच्या ढिगावर बसला होता.
ताट फिरत फिरत माझ्या हातात आलं.
ते बाहेर न्यावं असा ठराव झालेला नव्हता.

आधी खताचं सांगितलं,
मग ताट पुढे केलं.
"किती गोण्या?" त्यानं विचारलं.
"दोन."
त्यानं हात सदऱ्याला पुसले,
दोन्ही बाजूंनी, सावकाश.

सहाव्या विषयापुढची जागा
मी अजून भरलेली नाही.
पत्रेही आलेले नाहीत.