ओडोमीटरवर अडतीस

निरगुडकरांनी चावी दिली, सोबत
एक छापील कागद. सूचना, सात.
मुलाची गाडी. मुलगा श्टुटगार्टला.
दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं,
चाकं थोडी फिरवून ठेवायची,
ओडोमीटरचा फोटो पाठवायचा, कव्हर घालायचं.
सातवी सूचना अधोरेखित: चालवू नये.

अहो, मी कशाला चालवतेय, म्हटलं.
एकोणपन्नास चालू आहे मला,
पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवते,
आणि स्कूटर आहे की माझी. डिकीसकट.

पहिल्या रविवारी कव्हर काढलं
आणि पार्किंगच्या खांबांमध्ये
जरा जास्तच वेळ उभी राहिले.
वाळलेल्या शाईसारखा करडा रंग,
टाकीपासून शेपटीपर्यंत एकच तांबूस रेघ,
हात न उचलता मारलेली.
आमच्या पोरांना तीन वर्षांत अशी रेघ येत नाही.
मलाही, खरं सांगायचं तर, दोनदाच आली असेल.
हँडलच्या मधोमध कोरलेलं: २१२ / ७५०.
म्हणजे जगात अजून सातशे एकोणपन्नास,
आणि त्यातल्या किती
अशाच कुणाच्या तरी फोटोसाठी उभ्या, कोण जाणे.

बटण दाबलं.
तीन सिलिंडर, सहाशे साठ सीसी.
कुणी घसा साफ करून बोलायला उठावं
आणि सगळ्यांनी त्याला दहा मिनिटं
नुसता घसाच साफ करू द्यावा, तसं.
तिसऱ्या मजल्यावरच्या लेल्यांनी खिडकी लावून घेतली.

फोटो पाठवला. ३८.
उत्तर आलं: जोडलेले हात.
असे अकरा रविवार.
अकरा वेळा अडतीस, अकरा वेळा हात.

बाराव्या आठवड्यात, भाजी निवडताना, उगाचच सुचलं:
की बंद असली, तर आकडा झोपलेला असतो.
आणि आमच्या गेटपासून सूस रस्त्यापर्यंत
सहाशे मीटर निव्वळ उतार आहे.

पहाटे पावणेपाच. वॉचमन बिराजदार, कानाला मफलर.
"बंद पडली का मॅडम?"
"हो," मी म्हटलं. गेट उघडलं त्याने.

न्यूट्रल. दिवा नाही, आवाज नाही.
पाय उचलले.
आधी वाटलं काहीच होत नाहीये,
मग चेनची बारीक तिरतिर, मग वारा बाहीत शिरला,
दुधाचे क्रेट गेले, झोपलेलं कुत्रं गेलं,
"येथे वाहने लावू नयेत, हवा सोडली जाईल" गेलं,
आणि वळण आलं.
वळणावर मी काही केलं नाही, शपथ.
फक्त तिकडे पाहिलं.
ती गेली.

मुलांना सांगत असते मी,
जे आत आहे पण दिसत नाही
ते तुटक रेषेने दाखवायचं.
वीस वर्षं सांगते आहे.

खाली मिसळवाल्याच्या बंद शटरपाशी थांबले.
पाषाण तलावाकडून गारवा येत होता.
हात थरथरत होते, थंडी फार नव्हती.

मग चढ.
माहितीपत्रकात लिहिलं होतं, मिडलवेट.
वाचून हसले होते मी, आपल्याच वजनी गटातली म्हणून.
एकशे एकोणनव्वद किलो.
दहा पावलं ढकलायचं, ब्रेक धरून धापा टाकायच्या,
परत दहा.
मांड्या बोलायला लागल्या, कंबर आधीपासून बोलत होती,
ती सुंदर रेघ माझ्या पोटात रुतत होती,
आणि एवढं करून मला
एकदाही गाडी तिथेच टाकून जावंसं वाटलं नाही,
हे जरा विचित्र होतं.

अर्ध्यावर टॉर्च दिसला.
बिराजदार शेपटीकडून लागला. बोलला काहीच नाही,
फक्त एकदा, "पेट्रोल तर फुल्ल दिसतंय, मॅडम."

वर आलो. नेहमीची दहा मिनिटं,
लेल्यांची खिडकी, फोटो, ३८.
जोडलेले हात लगेच आले,
श्टुटगार्टला मध्यरात्र असेल, पण निरगुडकर इथेच, दुसऱ्या मजल्यावर, जागे.

कव्हरचं एक टोक मी धरलं, एक बिराजदारने.
गाठ मारता मारता त्याने विचारलं,
उतारावर आधी ब्रेक कुठला दाबायचा.

"पुढचा," मी म्हटलं.
"पण हळू."