खांदा

पहाटे साडेचारला वारा झोपलेला असतो.
तेवढ्यात उरकायचं.
चाल्बीच्या कोरड्या, मिठाळ तळावर
आम्ही पाच जण बूट काढून
त्याला खांद्यावर घेतो.
पंचवीस मीटर पंख, वजन एका किडकिडीत माणसाचं,
कातडी कांद्याच्या पापुद्र्याची.
मेलेल्याला खांदा देणारे पाऊल जपून टाकतात.
आम्ही धावतो.
गल्गालो मोजत असतो, अकरा, बारा, तेरा,
आणि मधेच कुठेतरी ओझं हलकं होतं,
मग नसतंच.
हात मात्र वरच राहतात थोडा वेळ,
काही मागत असल्यासारखे.

त्यानंतर साठ दिवस ते खाली येत नाही.
दिवसा ऊन खातं, एकवीस किलोमीटर चढतं,
ढग, गिधाडं, नैरोबीची विमानं, सगळ्यांच्या वर.
रात्री साठवलेल्यावर गुजराण,
थोडं थोडं उतरत.
उजाडेपर्यंत पुरलं म्हणजे झालं.
ही काटकसर आमच्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही.

माझी पाळी रात्रीची. पत्र्याचा कंटेनर,
एक पडदा, आणि भिंतीवर नियमांचा कागद:
वणवा दिसला तर कळवा. टोळधाड दिसली तर कळवा.
बंदूकवाले दिसले तर आधी मार्साबिटला कळवा, मग इतरांना.
आई आली तर काय करायचं,
ते लिहिलेलं नाही.

काबाले आली एकोणचाळिसाव्या रात्री,
काखेत दुधाचा विणलेला बुधला.
बोरू उंट घेऊन गेला त्याला पाच महिने झाले होते.
"तुझ्या त्या वरच्याला ऐकू येतं का?"
नाही.
"माझ्या उंटिणीच्या गळ्यातली लाकडी घंटा
मी तीन टेकड्यांपलीकडून ओळखते."
मी काही बोललो नाही. पडदा तिच्याकडे वळवला.

उष्णतेच्या चित्रात रंग नसतो.
करडी जमीन, तिच्यावर पांढरे ठिपके,
कुणाच्या तरी हातून ज्वारी सांडल्यासारखे.
ती मोजू लागली, बोटांनी नाही, ओठांनी.
"हे माझे नव्हेत."
पुढचा कळप.
"हेही नव्हेत. किती दाटीने बसवलेत, भित्र्याचे आहेत."
तिसऱ्याला थांबली.
"वाऱ्याच्या बाजूला जागा सोडलीय, बघ.
हे मी शिकवलंय."
एकेचाळीस.
"नेले होते एकोणचाळीस. दोघी व्याल्या."

मग एका बारक्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं
आणि उचललंच नाही.
ठिपका हलेना.

बॅटरी एकोणीस टक्के.
विसाला कॅमेरा बंद करायचा असतो,
उरलेलं सगळं उडण्यासाठी.
मी बटणावर हात ठेवून बसलो.
अठरा.
तिच्या बोटाभोवती काच धुरकटली.
सतरा.
ठिपका उभा राहिला.
दहा पावलं गेला, थांबला,
बराच वेळ थांबला,
परत येऊन आडवा झाला.
काबाले ओढणीत तोंड खुपसून हसत सुटली.
"अजून झोपण्याआधी मुतायचं विसरतो कार्टा!"

अहवालात मी लिहिलं: ढगांमुळे विलंब.
त्या महिन्यात चाल्बीवर ढग नसतात.
कुणी विचारलं नाही.
पहाटे तीन टक्के उरले होते.
वर आमच्या आधी उजाडतं;
मी अंधारात बसलेलो असताना त्याने पहिला घास घेतला,
तिनाचे चार झाले.
मी बुधल्यातलं दूध प्यालो. धुराची चव होती.

बोरू पावसानंतर आला.
एकेचाळीस उंट, सुजलेला घोटा, ओठावर नवी लव.
बाजारात त्याने मला चहा पाजला,
पैसेही देऊ दिले नाहीत,
काहीबाही विचारत राहिला, वरून आमची घरं दिसतात का, वगैरे.
मी कपात बघत होतो.
समोर बसलेल्या त्याच्याकडे धड पाहता येईना.
त्याच्या नकळत
एकदा पाहून झालं होतं.