पुंडलो

त्याच्या छातीवर मी घुमट बांधलं,
कारण भीती दाखवायला
घामाचे थेंब काढणं मला जमेना.
आता काळीजच घुमट वाजवतं.
फेरीनं भोंगा दिला, धुम्.
माडाची झावळी पडली, धुम् धुम्.
स्वतःची सावली पुढे निघाली
तर बाजूला सरून तिला वाट देतो,
म्हणतो, जा बाये, तू जा आधी.

म्हापशात, टायरवाल्याच्या माडीवर,
आवाज टिपायचा म्हणून पंखा बंद ठेवून
ऑस्विननं ते ठोके वाजवले
आणि मी पुंडलोला चोडणच्या बांधावर सोडला.
चोडण माझ्या मामाचं.
खाजन, तिवरं, मानशीचं दार,
सगळं आठवून काढलं. दोन वळणं चुकली.

पुंडलो म्हणजे नमुनाच.
खेकड्यावर तलवार उगारायचं बटण दाबलं
की तलवार पाठीमागे लपवतो
आणि खेकड्याला विचारतो, जेवलास?
पोदेराच्या पों-पोंला भिऊन
गडग्याआड बसतो, तिथूनच हात वर,
हातात घामेजलेली नोट.
चार पाव घेतो. एक स्वतःला,
तीन, कोणी भेटलंच तर.

"हिरो पळतो कसा?"
पैसे लावणारे नार्वेकर म्हणाले.
पणजीहून आलेले, मे महिन्यात, टाय लावून.
"भीती किती ठेवलीय?"
सत्त्याण्णव.
"दहा करा."

केली.
पुंडलो ताठ चालू लागला. घुमट गप्प.
मानशीपाशी जाळ्यात अडकलेलं पाणमांजर
तडफडत होतं,
तो तिथूनही सरळ गेला.
पुन्हा खेळवला. पुन्हा सरळ.
रात्रभर चूक शोधली. चूक नव्हतीच.
एकच ओळ होती, केव्हातरी मीच लिहिलेली:
जवळ काही हललं की थांब, बघ.
तिच्यामुळेच तो दचकायचा,
तिच्यामुळेच वाकायचा.

पहाटे सत्त्याण्णव परत टाकलं.
नार्वेकरांचा फोन त्यानंतर लागत नाही.

शेवटी देवचार येतो.
खांद्यावर कांबळं, हातात पेटती चूड,
आणि वहाणांची करकर,
गावाची राखण करून करून झिजलेल्या.
इथे पळायचं. पळालात की जिंकलात.
घुमट असं कडाडतं
की टायरवाला खालून शिव्या घालतो.
पण बोट बटणावरून काढलं,
काहीच केलं नाही,
तर पुंडलो डोळे गच्च मिटतो,
स्वतःच्या चपला काढतो,
लांबूनच पायानं पुढे सारतो.
"मापाच्या नसतील. सांभाळून घे रे."
हे मी लिहिलंच नव्हतं, असं म्हणणं खोटं होईल.
लिहिलं होतं, दमलेलो असताना,
ऑस्विनलाही न सांगता.
पुढे तो अनवाणी, टुणटुण,
प्रत्येक खड्याला सॉरी म्हणत घरी जातो.
वाट लांब आहे. ती कमी करायची राहून गेली.

रविवारी ऑस्विनची पुतणी आली,
लिझान, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली.
देवचार आला
तसा तिनं कंट्रोलर खाली ठेवला.
मला वाटलं, भ्याली. भ्यालीच होती.
उठली,
दारातल्या आपल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला
आणून टीव्हीखाली सारल्या
आणि काकाच्या पाठीमागे जाऊन लपली.

संध्याकाळी घरी निघताना
त्यातली एकच सापडली.