बावीस सेंटीमीटर

आमचं बेट आणि किनारा यांच्यामधला समुद्र गोठतो
तेव्हा त्यावरून मोटारी सोडायच्या की नाही
हे ठरवणाऱ्या चौघांतला मी एक.
सकाळी गिरमिट खांद्यावर टाकायचं,
भोक पाडायचं, आकडी सोडून जाडी मोजायची,
वहीत लिहायचं.
चौदा. चौदा. पंधरा.
वारा दक्षिणेकडून फिरला, पुन्हा चौदा.
बावीस भरल्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही,
पलीकडे कुणाची बायको अडलेली असली तरी,
पाद्र्याचंसुद्धा नाही.

साडेतीनला अंधार.
बूट शेगडीजवळ ठेवतो
आणि लेकीची गिटार मांडीवर घेतो.
ट्रीनू हेलसिंकीला गेली तेव्हा
ही कपाटावर राहिली, एक तार तुटलेली,
पोटात केसांची एक पिन
जी अजून खुळखुळते.

शिकवणारा पोरगा टार्टूचा, विशीतला.
स्क्रीनमधून माझ्याकडे बघून हसतो, मला न बघता.
म्हणतो, आता तर्जनी आडवी,
सहाच्या सहा तारांवर, सोप्पं आहे.
सोप्पं!
या बोटानं दोर ओढले, जाळी सोडवली,
एकसष्ट वर्षांत कधी कुरकुरलं नाही,
आणि एका पडद्यावर त्याला नीट आडवं पडता येत नाही.
मी व्हिडिओचा वेग निम्मा करतो.
मग पोरगा पिऊन आलेल्या खलाशासारखा बोलतो,
पण हात समजतात.

चार मिनिटं बारा सेकंदांनी
त्याच्या मागून एक करडं मांजर जातं,
डावीकडून उजवीकडे, शेपूट ताठ.
नेमका तिथेच माझा एफ मोडतो.
रोज.
आमच्याकडे मांजर आडवं गेलं
की डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकतात.
थुंकलो. खोटं कशाला बोलू.
जमिनीवर डाग पडला, बाकी काही नाही.

भिंतीपलीकडून माइमू विचारते,
काल्यो, काही दुरुस्त करतोयस का?
हो, म्हणालो.
झालं का?
नाही अजून.

बर्फावर गाडी घालणाऱ्याला मी बजावतो:
सावकाश जा, नाहीतर चांगली पळव,
मधल्या वेगानं गेलास
तर खालच्या पाण्यात लाट उठते,
तुझ्या पुढे धावते
आणि तुझाच रस्ता फोडते.
किती जणांना सांगितलं याची गणती नाही.
एका रात्री फाजील आत्मविश्वासानं
व्हिडिओचा वेग पाऊण केला,
आणि मांडीवर सगळं फुटलं.
गिटार पालथी ठेवली. दोन दिवस शिवलो नाही.
तिसऱ्या दिवशी पुन्हा निम्मा.

बोटांची टोकं आधी लाल झाली, मग सोलली,
चहाचा कप उजव्या हातानं धरायची सवय लागली.
मग फेब्रुवारीत कधीतरी
हातमोजा काढून आकडी धरली
आणि लक्षात आलं, लोखंड चावत नाहीये.
डाव्या हाताच्या चार बोटांवर घट्टे.
वहीत त्यासाठी रकाना नाही.

यंदा रस्ता खुला झालाच नाही.
जाडी एकोणीसवर अडली,
मग तडे, मग भुसभुशीत,
मग निळं पाणी आणि फेरीबोटीचा भोंगा.
तीन महिन्यांची मोजणी अक्षरशः पाण्यात गेली.
रेघ मारून वही कार्यालयात दिली.
कुणी काही म्हणालं नाही.
बर्फाला रागावणारा माणूस
आमच्या बेटावर टिकत नाही.

त्याच संध्याकाळी
मांजर आलं, शेपूट ताठ,
आणि बघतो तर मी पुढच्या कॉर्डवर होतो.
एफ मागे राहिला होता.
कधी ओलांडला, पायाखाली काही कुरकुरलं का,
काही कळलं नाही.
मागे जाऊन पुन्हा वाजवला,
अर्थातच मोडला.

सहावी तार अजून माशीसारखी भुणभुणते.
रविवारी ट्रीनूचा फोन येतो,
बाबा, काय नवीन?
बर्फ गेला, म्हणतो.
बाकीचं सांगत नाही.
अजून कुणाला त्यावरून जाऊ देण्याइतकं नाही ते.
माझ्या अंदाजानं सोळा भरेल,
फार तर
साडेसोळा.