एक जानेवारी

पाचपावलीच्या विणकर सोसायटीत पोचले तेव्हा
पट्टी त्रेसष्ट टक्क्यांवर बसून होती.
"सकाळपासून फिरूनच राह्यलं बाप्पा," निनावेकाका म्हणाले,
"काल बी फिरलं, परवा बी.
शेवटी म्हनते, इन्स्टॉल होऊ शकलं नाही.
नाही होत तर सांग ना बे पहिलेच,
तीन दिवस कायले बसवलं मले?"

बाहेर शेचाळीस.
डांबरात स्टँड रुततो, म्हणून गाडीखाली
चपटा दगड ठेवून आले होते.
आत कूलर एकदा माझ्या पाठीवर, एकदा कॉम्प्युटरच्या
दमट फुंकर घालत होता.

आधी बंद करून चालू केलं.
(सांगायला लाज वाटते,
पण निम्मी बिलं मी यावरच फाडते.)
मग कचरा काढला:
अर्धवट उतरलेले तुकडे, मेलेले शॉर्टकट,
'सतरंजी हिशेब नवीन',
'सतरंजी हिशेब नवीन खरा',
'सतरंजी हिशेब नवीन खरा २'
"त्याले हात नोका लावू, ते चालू हाये."
अँटिव्हायरस झोपवला.
ऑफिसची दुरुस्ती चालवली, आधी छोटी, मग मोठी.

पट्टी निघाली.
एकोणीस. चाळीस. एकसष्ट.
काका खुर्चीमागे हात जोडल्यासारखे.
त्रेसष्ट.
"गेली," ते म्हणाले, "अजनीच्या पुलावर अडकली."

शून्याने सुरू होणारा लांबलचक नंबर
मी तळहातावर लिहून घेतला.
बर्डीवरून रुबीना फोनवर म्हणाली,
घड्याळ पाहिलंस का?

उजव्या कोपऱ्यात, एवढंसं:
पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं.
एक जानेवारी दोन हजार अकरा.

"काका, ही तारीख?"
"ते तसंच हाये. रोज बटन दाबलं का एक जानेवारी."
"सांगितलं नाहीत?"
"तुमी इचारलं नाही.
आन् तारखेसाठी भिंतीवर कॅलेंडर हाये ना."

म्हणजे रोज हा दहा वाजता उठतो
आणि त्याच्या घरी मध्यरात्र असते.
दारात कोणी नवं सामान घेऊन येतं,
हा कागद उलटसुलट पाहतो:
शिक्क्यावरची तारीख तर अजून यायचीय.
खोटा आहे, म्हणतो, आणि दार लावतो.
चूक त्याची नाही, त्याच्या हिशेबाने.

डबा उघडला. आत सुताची कुस, लोकरीसारखी,
आणि एक मेलेली पाल, चपटी, व्यवस्थित.
"अकरा साली," काका सहज म्हणाले,
"या हॉलमंदी चौदा माग होते."
मी स्क्रू शोधत राहिले.

नाण्याएवढी बॅटरी, चाळीस रुपयांची.
काका स्वतः गेले खालच्या घड्याळवाल्याकडे,
डोक्याला दुपट्टा बांधून,
आणि दोन घेऊन आले.
"एक राहू द्या. कोनाचं ना कोनाचं बंद पडते."

मग कोणीच बोललं नाही.
बासष्ट. त्रेसष्ट.
कूलरचा पंप दोनदा खाकरला.
चौसष्ट.
काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी नाही पाहिलं;
नजर लागते.

चारला सगळं झालं.
नवं ऑफिस उघडलं, पांढरंफटक, गोल कोपऱ्यांचं.
काकांचा हात माउस घेऊन डावीकडे गेला
आणि तिथेच थांबला.
"प्रिंटचं कुठी गेलं?"
मी दाखवलं.
"इथं होतं. हात आपोआप जाये."
स्क्रीनवर रिकाम्या जागी त्यांचं बोट,
घामाचा एक ठसा.
"जुनं परत नाही का होत?"
मी बॅगेची चेन लावली.

बिलासाठी त्यांनी व्हाउचर फाडलं,
नाव लिहिलं, रक्कम लिहिली, तारखेपाशी आले.
कोपऱ्यात, कितीतरी वर्षांनी, बरोबर तारीख उभी होती.
काकांनी चष्मा वर केला
आणि मान वळवून भिंतीकडे पाहिलं.